सहावी ते आठवीचा मराठी विषय : या चुका टाळा

"मराठीच तर आहे, आदल्या दिवशी वाचून होईल." पालकसभेत हे वाक्य हमखास कानावर पडतं. गणिताला शिकवणी, इंग्रजीला शिकवणी, आणि मराठीची वही उघडायची ती थेट परीक्षेच्या आठवड्यात. मी सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवते. मुलांचे गुण जिथे जातात त्या जागा जवळपास ठरलेल्या असतात आणि बहुतेकींच्या मुळाशी एकच समज असतो, की मराठी म्हणजे पाठांतर. खरं तर हा वाचण्याचा, बोलण्याचा आणि स्वतःचं वाक्य लिहिण्याचा विषय आहे. यातलं काहीच एका रात्रीत होत नाही.

गुण कुठून येतात हेच माहीत नसणं

राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सहावीला सत्राच्या शंभर गुणांपैकी 50 आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या कामाचे, आणि 50 संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे. सातवी-आठवीला हेच प्रमाण 40 आणि 60 होतं. संकलितमध्येही 10 गुण तोंडी कामाला असतात. म्हणजे सहावीत लेखी पेपर उरतो 40 गुणांचा, सातवीत 50 गुणांचा. बाकीचे गुण प्रकट (म्हणजे मोठ्याने) वाचन, संभाषण, गृहपाठ, उपक्रम, प्रकल्प आणि छोट्या चाचण्यांतून सत्रभर जमा होत असतात. मूल वर्गात तोंड उघडत नसेल आणि वही अर्धवट असेल, तर पेपर कितीही चांगला गेला तरी श्रेणी घसरते. निकालानंतर "पेपरात काय चुकलं?" असं विचारायला येण्यापेक्षा ऑगस्टमध्येच येऊन "आकारिकच्या नोंदीत काय कमी आहे?" असं विचारा. तेव्हा सुधारायला वेळ हातात असतो.

आठवीच्या पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला दुसऱ्या सत्राच्या शेवटी वार्षिक परीक्षा असते. प्रत्येक विषयात किमान 35 टक्के लागतात. कमी पडले तर पुनर्परीक्षा, आणि तिथेही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. "आठवीपर्यंत नापास करत नाहीत" ही माहिती आता जुनी झाली.

पाठ न वाचता स्वाध्याय सोडवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मूल पाठाचं शेवटचं पान उघडतं, गाईडमधून उत्तरं वहीत उतरवतं, वही सुंदर दिसते, सही होते. पाठ मात्र कोणी वाचलेलाच नसतो. ओळखायचं कसं? पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा, "पाठात काय झालं ते दोन वाक्यांत सांग." मूल उत्तराची ठरलेली वाक्यं म्हणायला लागलं किंवा पाठाचं नावच पुन्हा सांगू लागलं, की समजून जा.

उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. संध्याकाळी दहा मिनिटं मोठ्याने वाचन. तेवढ्या वेळात घरातलं कोणीतरी नुसतं ऐकत बसलं तरी पुरतं. मूल जिथे अडखळतं त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि वाचून झाल्यावरच अर्थ बघायचा, मध्येच थांबायचं नाही. याने प्रकट वाचनाचे गुण तर वाढतातच, पण अपठित उतारा, म्हणजे पुस्तकाबाहेरचा उताराही सोपा जातो, कारण तिथे गाईड मदतीला येत नाही. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं मोफत मिळतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सुलभभारती हे मराठीचं वेगळं पुस्तक असतं. घरात मराठी बोललं जातं म्हणून त्यांना वाचता येतच असेल, असं धरून चालू नका. जोडाक्षराशी ती थबकतात. त्यांना ही दहा मिनिटं जास्त गरजेची आहेत.

'तुमच्या शब्दांत लिहा' याकडे दुर्लक्ष

समजा प्रश्न आहे: पाण्याचा अपव्यय टाळण्यासाठी तुम्ही काय कराल? निम्म्याहून जास्त वह्यांत एकच उत्तर येतं: "पाणी हे जीवन आहे. पाण्याशिवाय आपण जगू शकत नाही. म्हणून आपण पाणी वाचवले पाहिजे." यात चूक काढायला जागा नाही आणि गुण द्यायलाही नाही. 'तुम्ही' कुठे आहात यात?

आता हे पाहा: "आमच्या इमारतीची टाकी सकाळी भरून वाहते. पंप कोणी बंद करायचा यावर मोठी माणसे वाद घालतात. मी शाळेत निघताना पंप बंद करण्याची जबाबदारी घेईन." तीनच वाक्यं आहेत, पण त्यात जागा आहे, अडचण आहे आणि कृती आहे. लिहिण्याआधी मुलाला एवढंच विचारा: कुठे पाहिलंस? कोणी केलं? तू काय करशील? उत्तर आधी तोंडी येऊ द्या, मग लिहू द्या. तुम्ही सांगून लिहून घेतलेलं वाक्य शिक्षकाला लगेच ओळखू येतं.

निबंधाचंही हेच. पाठ केलेल्या सुरुवातीवर अर्धं पान खर्च होतं आणि पावसाळ्याच्या निबंधात पाऊस शेवटच्या ओळीत पडतो. पत्रात वेगळा घोटाळा होतो: विनंती पत्रात विषयच लिहायचा राहतो, किंवा मुख्याध्यापकांना घरची खुशाली कळवली जाते. मायने कुठे लिहायचे, सगळा मजकूर डावीकडे घ्यायचा का, यासाठी वर्गात शिकवलेला नमुनाच पाळा. आई-बाबांच्या वेळचा नमुना आणि आताचा नमुना यांची सरमिसळ झाली की आराखड्याचे गुण जातात.

दहा वेळा लिहायला लावणं

चुकीचा शब्द दहा वेळा लिहून हात दुखतो, नियम काही कळत नाही. त्याऐवजी आठवड्याभराच्या लाल खुणा एकत्र करा. चुका दिसायला पन्नास असल्या तरी प्रकार तीन-चारच निघतात.

एक प्रकार हमखास सापडतो. मूल, पण मुलाला. फूल, पण फुलांचा. बहीण, पण बहिणीला. विहीर, पण विहिरीत. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद असतात: गुण ऱ्हस्वच राहतो आणि 'शरीरात' लिहितानाही री दीर्घच. जोडी करून शिकवलं की मुलं रस्त्यावरच्या पाट्यांतही ही चूक पकडायला लागतात. दुसरा प्रकार अनुस्वाराचा. 'मुलाना', 'सरानी', 'आजोबाना' असं लिहिलं जातं. अनेकवचन असो वा आदर, प्रत्ययाआधी अनुस्वार हवा. आणि 'परीक्षा' हा शब्द परीक्षेच्याच पेपरवर 'परिक्षा' असा लिहिलेला सापडतो, तेवढा एक मात्र पाठच करून टाका.

वाक्प्रचारांचा अर्थ मुलांना येतो, उपयोग फसतो. "ताईला डोळे भरून येणे झाले" असं वाक्य मी वारंवार तपासते. वाक्प्रचार क्रियापदासारखा चालवायचा असतो: "दादाचे पत्र वाचून ताईचे डोळे भरून आले." अर्थही वाक्यात घालायचा नाही, वाक्प्रचारच यायला हवा.

बोलताना मध्येच टोकणं

घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारं मूल वर्गात बोलायला उठतं, पहिल्याच वाक्याला कोणीतरी "शुद्ध बोल" म्हणतं आणि ते मूल पुढचं सत्रभर गप्प बसतं. याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलाकडे इतरांपेक्षा एक भाषा जास्त असते. त्याला वाक्य पूर्ण करू द्या. लेखनात फरक नक्की शिकवा: पत्रात आणि निबंधात प्रमाण मराठी, पण गोष्टीतली आजी बोलते तेव्हा तिची बोली चालते, उलट शोभून दिसते. तोंडी कामात आधी पाहायचं असतं ते मूल विचार मांडतंय का, समोरच्याचं ऐकतंय का. उच्चारांवर काम नंतर, शांतपणे करता येतं.

प्रकल्प पालकांनी करणं

संगणकावरून काढलेली रंगीत पानं, कोपऱ्यात चिकटवलेली झालर आणि आत काय आहे ते मुलाला ठाऊक नाही. शिक्षक एकच प्रश्न विचारतात आणि सगळं उघडं पडतं. जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या असतील तर आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारायला मुलालाच पाठवा. फोनवर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घ्या, मग ऐकत ऐकत, थांबवत, मूल स्वतः लिहून काढेल. न कळलेल्या शब्दासाठी ते पुन्हा आजीकडे जाईल. चारच ओव्या मिळाल्या तरी चालतील. अक्षर वाकडंतिकडं आलं तर येऊ द्या, ते सुंदर करायला हातात पेन घेऊ नका.