माशीचा डोळा टिपायचाय? आधी कागदी कप आणा

ठाण्यात किड्यांसाठी लांब जावं लागत नाही. पहिला पाऊस पडून गेला की रात्री ट्यूबलाइट लावा आणि सकाळी सरकत्या खिडकीच्या खाचेत बघा. आठवडाभर पुरेल एवढा माल पडलेला असतो. येऊरला मात्र वेचायला जाऊ नका. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं, तिथून मेलेला किडाही उचलायचा नसतो.

माझी पहिली गिऱ्हाईक अशीच खाचेतली एक हिरवी माशी. एवढ्या जवळून एका फोटोत किड्याचा एक पातळ थरच स्पष्ट येतो, म्हणून कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत बरेच फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एक फोटो जुळवायचा. यालाच स्टॅकिंग म्हणतात. तसे पन्नास फोटो काढले, जुळवले, केस न् केस दिसला, आणि माशी मात्र ॲल्युमिनियमच्या डब्यासारखी. चूक उजेडाची होती, म्हणून इथे उजेडाला जास्त जागा देतोय.

किडा तयार करा

वाळलेल्या किड्याचे पाय हात लावताच तुटतात. झाकणाच्या डबीत ओला कापूस ठेवा, त्यावर बाटलीचं बूच उलटं आणि बुचात किडा. बुरशी धरू नये म्हणून कापसावर डेटॉलचे दोन थेंब. एक-दोन दिवसांत सांधे सैल होतात. मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने धूळ काढा. डोळ्याला दिसत नाही ती धूळ चारपट मोठी झाली की रांगोळी सांडल्यासारखी दिसते. टाचणीच्या टोकाला फेविकॉलचा ठिपका, त्यावर किडा, आणि टाचणी खोडरबरात खोचलेली. हे खोडरबर रात्री पाण्याच्या बशीत ठेवा, लाडवांचा डबा ठेवतो तसंच. माझ्या एका भुंग्याचं डोकं मुंग्यांनी पळवलंय.

लेन्स

सुरुवातीला महागडी लेन्स घेऊ नका. ॲपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग असलेली जुनी २८ एमएम मॅन्युअल लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी लावा आणि मागे एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समधली पोकळ नळी, जोडा. किती पट मोठं दिसतंय ते पट्टीचा फोटो काढून मोजा. सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद असेल आणि फोटोत पट्टीचे सहा मिलिमीटर मावत असतील, तर जवळपास चारपट.

इथे सगळेच एकदा फसतात. जास्त भाग स्पष्ट यावा म्हणून ॲपर्चर एफ/११ करतात आणि फोटो मऊ पडतो. चारपटीला लेन्सवरचा आकडा साधारण पाचने गुणायचा: एफ/४ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२०, एफ/११ म्हणजे एफ/५५. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि तपशील पुसले जातात. एफ/४ वर थांबा, बाकीचं स्टॅकिंगवर सोडा.

उजेड

माशीची पाठ आणि डोळे म्हणजे बाकदार आरसे. त्यांच्यात समोरचं सगळं उमटतं: दिवा, लेन्स, तुमचा शर्ट. उघडा दिवा लावला तर एक पांढरा ठिपका आणि बाकी काळोख, म्हणजे तोच ॲल्युमिनियमचा डबा. म्हणून किड्याभोवती सगळीकडून पांढरं काहीतरी हवं.

टपरीवरचा कागदी कप घ्या, छपाई नसलेला, पांढरा. तळ कापा. अरुंद बाजू लेन्सकडे, रुंद बाजू किड्यावर, आणि टाचणीसाठी खाली एक चीर. कप लेन्सला चिकटवू नका, टेबलावरच्या स्टँडने धरा. लेन्स पुढे सरकली तरी कप जागचा हलता कामा नये, नाहीतर चमक प्रत्येक फोटोत थोडी थोडी सरकते.

कपाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा, चार-सहा बोटं लांब. दिवा कपाला टेकवला की कपाच्या भिंतीवर तेवढाच गोळा पेटतो आणि डोळ्यात तोच गोळा येतो. एक दिवा किंचित मागे न्या, म्हणजे केसांच्या कडा उजळतात. खाली पांढऱ्या कागदाचा तुकडा टाका, नाहीतर पोट काळं पडतं. पाठीमागे काळं काही ठेवू नका, मिशा त्यात बुडतात. मी राखाडी कार्डपेपर हातभर मागे लावतो.

मग लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं चालू चित्र) मोठा करून डोळ्यातली चमक बघा. कडा मऊ आणि पसरट हव्यात. टोकदार दिसली तर कपाबाहेर ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर द्या.

दिवा की फ्लॅश? घरात धक्के बसत असतील तर फ्लॅश, १/३२ पॉवरवर. त्याचा झोत क्षणार्धात संपतो, हादरा टिपला जायला वेळच मिळत नाही. मी घोडबंदर रोडला राहतो. रात्री ट्रेलर गेला की स्क्रीनवरची माशी नाचते. वरच्या मजल्यावरचा मिक्सर त्याहून वाईट. एलईडी वापरलात तर इलेक्ट्रॉनिक शटरवर पट्टे येतात का, ते आधी तपासा.

फोटो काढणं

चारपटीला, एफ/४ वर, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर असतो. दोन फोटोंत ०.०४ मिलिमीटर अंतर ठेवा. दोन मिलिमीटर खोल डोक्याला साधारण पन्नास फोटो लागतात. कॅमेरा पुढे-मागे सरकवणाऱ्या बाजारातल्या साध्या रेलच्या नॉबने एवढं बारीक सरकत नाही. मायक्रोमीटर (बारीक मापाचा स्क्रू) लावलेलं जुनं स्टेज, म्हणजे सरकणारी पाटी, मिळवा: एका फेऱ्याला ०.५ मिलिमीटर, त्यावर ५० रेघा, म्हणजे चार रेघा एक पाऊल. बसवायची प्लेट मी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून कापून घेतली. त्याने ‘मशीन कसलं?’ विचारलं, मी ‘माशीचं’ म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ १०० सगळं मॅन्युअल. टायमर दोन सेकंद. पंखा बंद, घाम येतो, इलाज नाही. नाकाच्या जरा पुढून सुरू करा, डोक्याच्या मागे थांबा, आणि मध्ये पाऊल चुकवू नका. एक फोटो हुकला तर त्या जागी धूसर पट्टा राहतो आणि तो नंतर भरता येत नाही.

जुळवणं

फोटो जुळवायला झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकस ही सॉफ्टवेअर सोयीची. फुकट हवं तर ह्युगिन या सॉफ्टवेअरसोबतची साधनं. झेरीनमध्ये दोन पद्धती आहेत. पीमॅक्स एकमेकांवरून जाणारे केस नीट सोडवतं, पण रंग थोडे भडक करतं आणि दाणे वाढवतं. डीमॅप रंग जपतं, पण केसांभोवती धुरकट वलय सोडतं. दोन्ही काढा, डीमॅपचं चित्र खाली ठेवा आणि फक्त केसांच्या जागी पीमॅक्समधून ब्रशने उचला. चित्रात एकाच दिशेला जाणारी ठिपक्यांची रांग दिसली तर किड्याला दोष देऊ नका, ती सेन्सरवरची धूळ आहे.