वंशावळ काढताय? जुन्या नोंदींतल्या नावांच्या या चुका टाळा

वंशावळीसाठी मदत मागायला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमच्या पणजोबांचं नावच रजिस्टरात नाही." बहुतेक वेळा नाव असतं. आपण ज्या रूपात शोधतो, त्या रूपात नसतं.

माझ्या खापरपणजोबांना घरात सगळे विठोबा म्हणत. म्हणून जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरांत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, मी विठोबा, विठ्ठल, विठू एवढंच बघत राहिले. दोन उन्हाळे त्यात गेले. नोंद अखेर सापडली ती 'इठू बिन रखमाजी' अशी. लिहिणाऱ्यानं कानावर पडलं तसं उतरवलं होतं. तेव्हापासून मी आधी ते नाव गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकते, कानावर येईल ते प्रत्येक रूप वहीत लिहिते आणि मगच रजिस्टर उघडते.

नाव सापडलं की लगेच वंशवृक्षात चिकटवायची घाई मात्र करू नका. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. रखमाजीचा इठू, इठूचा रखमाजी, त्याचा पुन्हा इठू. म्हणजे 'इठू बिन रखमाजी' दोन झाले, आणि तेही एकाच घरात! आमच्या एका भावानं दोघांना एकच माणूस धरलं. दोन पिढ्या गायब झाल्या आणि इठूचं आयुष्य शंभरावर गेलं, तरी कुणाला शंका आली नाही. मी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, काढले. थोरल्या इठूच्या मृत्यूनंतरच्या वारसनोंदीत मुलगा म्हणून रखमाजी होता, सर्व्हे नंबर तोच. तिथे गुंता सुटला. नुसत्या नावावर माणूस ओळखायचा नसतो. जमीन, भाऊ, वारस, साल यांतल्या निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय मी नाव पेन्सिलीनंच लिहून ठेवते.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते. नक्कल करताना लोक शुद्धलेखन सुधारतात. 'इठू'चं 'विठ्ठल' करतात, मूळ पान पुढे फाटतं, आणि मागे उरतं ते आपलं अनुमान. जसं आहे तसंच उतरवा, आपलं वाचन शेजारी चौकटी कंसात लिहा. फोटो एका ओळीचा नको, अख्ख्या पानाचा काढा. शेजारच्या ओळींतलं त्याच हाताचं अक्षर बघूनच अडलेलं अक्षर लागतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ती नावं नव्हेत. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दांत जागाही सोडत नाहीत, त्यामुळे वेलांटीवरून दोन माणसं वेगळी ठरवू नका. इंग्रजी कागदावरून नाव उतरवलं असेल तर काळे, काले, कळे तिन्ही तपासा. मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू, धोंडू म्हणत. शाळेच्या दाखल्यावर त्याचंच नाव वेगळं निघू शकतं. साल शके असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, पौषापासून पुढच्या तिथींना बहुधा ७९.

आडनावावर तर अजिबात विसंबू नका. जुन्या नोंदींत पुष्कळदा ते नसतंच. पाटील, कुलकर्णी हे मुळात हुद्दे. एक भाऊ वतनाचं नाव लावतो, दुसरा गाव सोडून गेला की गावाच्या नावापुढे 'कर' लावतो. म्हणून हरवलेली शाखा शोधताना मी आडनाव झाकते आणि फक्त बापाच्या नावावरून पानं चाळते.