सेकंडहँड लक्झरी फोर-व्हील-ड्राइव्ह : आधी टायर बघा, मग रंग

बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, पोर्शे केयेन, रेंज रोव्हर स्पोर्ट. अंगाने धिप्पाड, पण जीव डांबरी रस्त्यात अडकलेला. काही वर्षांत या गाड्यांची किंमत धाडकन उतरते आणि आपल्याला मोह होतो. गोम अशी, की गाडी उतरते, सुटे भाग उतरत नाहीत. माझा हिशोब साधा आहे: बजेटचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला आधीच बाजूला काढायचा. तेवढा निघत नसेल तर साधी गाडी बरी.

बघायला सकाळी जा, आणि ‘गाडी सुरू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगा, म्हणजे थंड इंजिन कसं सुरू होतं ते कळेल. एकदा मी बॉनेटवर हात ठेवला तर कोमट. ‘आत्ताच पार्किंगमधून काढली,’ मालक म्हणाला. टेम्परेचरचा काटा मात्र निम्म्यावर होता. मी चहा पिऊन, गाडी न घेता घरी परत आलो.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी चारही कोपऱ्यांत सारखी दिसते का ते बघा. एखादा कोपरा बसला असेल तर हवेची पिशवी गळत असण्याची शक्यता मोठी. ती सतत भरता भरता हवा भरणारा कॉम्प्रेसरही जातो.

आता टायर, आणि इथे घाई नको. चारही एकाच कंपनीचे, गाडीला नेमून दिलेल्या साइजचे आणि सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तो फरक ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) क्लच दिवसभर सोसत बसतो. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.

चालवताना मोकळ्या, कोरड्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडखळली, हिसके दिले तर ट्रान्सफर केसवर संशय घ्या. मग मधल्या वेगात हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन थरथर जाणवते का बघा.

गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ आहे असं ऐकवलं जाईल. यातल्या बऱ्याच गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच आपलं तेल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. बिल मागा. पहिल्या पिढीच्या सुरुवातीच्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) केयेनमध्ये कुलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, पाइप प्लास्टिकचे होते, ते तडकतात. अ‍ॅल्युमिनियमचे बसवल्याचं बिलही मागा.

सनरूफ असेल तर पाणी आत झिरपतंय का, हे मॅटखाली हात घालून तपासा. चेसिस नंबर, कर्जाचा बोजा, दोन्ही चाव्या बघा. शेवटी ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून स्कॅन करून घ्या. मालक याला आढेवेढे घेत असेल तर सरळ निघा.

गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल बदला. ‘मागच्याच महिन्यात बदललंय’ असं सांगितलं असलं तरी.