दाताचं काम करताना पेशंटचे ओठ कसे सांभाळायचे

रूट कॅनाल झकास झालं, एक्सरे पण मस्त आला, आणि काकूंनी आरशात बघून विचारलं, "अहो डॉक्टर, हे ओठाचं काय केलंत?" डावा कोपरा चिरला होता, बारीक रक्त आलेलं. पाऊण तास माझा मिरर तिथंच रेटलेला, आणि खालच्या दाढेसाठी भूल दिली की त्या बाजूचा खालचा ओठ पण बधिर होतो, म्हणजे काकूंना कळणारच नव्हतं, बघायचं काम माझंच होतं ना.

तर नवीन इंटर्न आणि असिस्टंट मंडळींनो, खुर्ची मागे करायच्या आधी ओठ बघा. ओठाला घामाच्या ग्रंथी नसतात, तेलग्रंथी जवळपास नसतातच, कातडी पातळ, त्यात तोंड उघडं, सक्शन चालू, वर हवेचा फवारा, मग फुटणार नाही तर काय. पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेली पोरंपोरी आली तर ओठ आधीच पापडासारखे असतात, तिथं जास्त जपा. आणि पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले, तापातून उठल्यावर येतात तसे, तर काम घाईचं नसेल तेव्हा सरळ पुढची तारीख द्या, ते पसरतात.

आता लावायचं कसं. साधं व्हॅसलिन बास, मेंथॉलवालं बाम नको, फुटलेल्या ओठाला झोंबतं. वाटाण्याएवढं आधीच वेगळ्या काढलेल्या गॉजवर घ्या आणि इअरबडने लावा, ग्लव्ह घातलेलं बोट परत डबीत घालायचं नाही म्हणजे नाही, ती डबी दिवसभर सगळ्यांना फिरते. थर पातळ, पण दोन्ही कोपऱ्यांत नीट, चिरतं तिथंच. जास्त थापलं की मिरर घसरतो आणि दाताला लागलं तर सिमेंट किंवा कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) धरत नाही, मग तुम्हीच कपाळाला हात लावाल. (एक आजी घरून साजूक तूप चोपडून आल्या होत्या, भावना चांगली, पण पुसावं लागलं.)

लेटेक्सचे ग्लव्हज किंवा रबर डॅम (दाताभोवती ताणून लावतो तो रबराचा पडदा) असेल तर व्हॅसलिनने रबर कमकुवत होतं, तिथं पाण्यात विरघळणारी जेल घ्या किंवा नायट्राइल वापरा.

कापसाचा रोल कधी कोरडा ओढू नका! ओठाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि ओढला की सालपट घेऊन येतो. सिरिंजने दोन थेंब पाणी सोडा, क्षणभर थांबा, मग हळूच लोळवत काढा, आपोआप सुटतो.

पंधरा-वीस मिनिटांनी मिरर काढून "काकू, जरा तोंड मिटा" म्हणा, जबड्यालाही आराम, आणि तेवढ्यात व्हॅसलिन किंवा जेल परत लावून होते. हँडपीसचं, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलचं, डोकं तापतंय का ते पण मधे बोटाने बघा, बधिर ओठावर ते टेकलं तर पेशंट हूं की चूं करत नाही आणि चटका नंतर दिसतो.

शेवटी ओल्या गॉजने पुसायचं, परत पातळ हात फिरवायचा. लहान मूल असेल तर आईला बजावा की भूल उतरेपर्यंत, म्हणजे २-३ तास, कधी जास्तच, खायला द्यायचं नाही आणि ओठ चावत बसलंय का त्यावर लक्ष ठेवायचं, कारण त्याला ते च्युइंगम वाटतं आणि संध्याकाळी ओठ सुजून टम्म झाला की फोन तुम्हालाच येतो.