सिंहगडावर पिठलं-भाकरी खायची तर आधी सांगून ठेवा

सात-आठ जण मिळून रविवारी सिंहगडावर जाणार असाल, तर भूक लागल्यावर जेवणाची झोपडी शोधू नका. आतकरवाडीच्या पायवाटेने वर पोहोचलात की ताक प्यायचं आणि तिथल्याच मावशींना विचारून ठेवायचं, "आम्ही आठ जण, दीड तासाने येतो, पिठलं-भाकरी मिळेल ना?" मग निवांत तानाजी मालुसऱ्यांची समाधी, कल्याण दरवाजा, देवटाकं बघून या. परत येईपर्यंत पिठलं तयार असतं आणि भाकरी तुम्ही बसल्यावर एकेक करून थापली जाते. तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की ती टम्म फुगते. तो पापुद्रा फोडून आत पिठलं घालून खाल्लं, की आदल्या दोन तासांची चढण विसरायला होते. गार भाकरीला ती मजा नाही.

आठ जणांना आठ ताटं एकदम मागवू नका. पाच मागवा, सोबत वांग्याचं भरीत, ठेचा आणि दोन प्लेट कांदाभजी, सगळं मधे ठेवा. कमी पडलं तर भाकरी वाढवून मिळतेच. मटक्यातलं दही मात्र माणशी एक हवंच, त्यात वाटेकरी नकोत.

पैशांचं म्हणाल तर निघतानाच प्रत्येकी तीनशे रुपये रोख एकाकडे जमा करा. गडावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि मावशींना सुट्टे पैसे दिले तर बरं पडतं. उरलेल्या पैशांत उतरल्यावर पायथ्याला चहा होतो.