कढई उलटी करा: जुन्या मोवरचा डेक आणि न सुटणारे बोल्ट

सोलापुरात होटगी रोडला एक मंगल कार्यालय आहे. मागच्या लॉनसाठी मालकांनी पुण्याहून बसून चालवायची गवत कापायची जुनी अमेरिकन गाडी आणली होती. दोन वर्षं चालली, मग पट्टा तुटला आणि पाच पावसाळे ती कडुनिंबाखाली उभी राहिली. यंदा एप्रिलमध्ये टेम्पोत घालून माझ्या शेडवर आली. इंजिनाचं फार काही नव्हतं. कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलला, तिसऱ्या दिवशी सुरू. खरी रड होती डेकची. डेक म्हणजे गाडीच्या पोटाखालचं पत्र्याचं पालथं भांडं, ज्याच्या आत पाती फिरतात. आमच्या पोऱ्यानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव कढई ठेवलं, तेच पुढं चालू राहिलं.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. जाम झालेल्या बोल्टशी भांडू नये, त्याला वेळ द्यावा, असं ते म्हणायचे. मी ते ऐकलं नाही तेव्हा काय झालं, तेही पुढं सांगतो.

आधी प्लगची वायर काढून बाजूला बांधा. पातं हातानं फिरवलं की इंजिनही फिरू शकतं आणि बोटं परत उगवत नाहीत. डेक सर्वात खालच्या खुणेवर आणा, पट्टा पुलीवरून उतरवा, टांगणीच्या पिना काढा आणि डेक बाजूनं ओढून बाहेर घ्या. दोन माणसं लागतात. पट्टा काढण्याआधी तो कसा फिरलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. हे मी पोऱ्याला सांगितलं आणि स्वतः विसरलो.

कढई उलटी केली की आत काय असतं? वाळून दगड झालेलं गवत. ओलं गवत पत्र्याला चिकटतं, ओल धरून ठेवतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरून रंग शाबूत दिसतो, त्यावर जाऊ नका. आधी खुरप्यानं सगळं खरवडा, मग ग्राइंडरला वायरची वाटी लावा. चष्मा लावाच, त्या वाटीच्या तारा सुटून उडतात. साफ झालं की हातोडीनं ठोकत सगळीकडं फिरा. चांगला पत्रा टण्ण वाजतो, खाल्लेला पत्रा भद्द. भद्द वाजलं तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आमच्या कढईत डाव्या स्पिंडलच्या (पातं ज्या दांड्यावर फिरतं त्याच्या) बुडाशी तो सरळ आरपार गेला.

आता पान्याचं. अमेरिकन गाडीचे बोल्ट इंचात असतात. वडिलांची मिलच्या वेळची पान्यांची पेटी माझ्याकडं आहे, तीही इंचाची, म्हणून मी खुशीत होतो. पण ते पाने विलायती व्हिटवर्थ मापाचे. त्यांच्यावर आकडा असतो तो बोल्टच्या दांड्याचा, डोक्याचा नाही. ‘1/2’ लिहिलेल्या पान्याचं तोंड भरतं जवळजवळ 23.4 मिमी. वरच्या पुलीचा नट होता 15/16 इंच, म्हणजे 23.8. पाना दारातच अडला. आपल्या नेहमीच्या मिमी पान्यांपैकी काही चालतात: 5/8 ला 16 चा, 3/4 ला 19 चा, 15/16 ला 24 चा. पण 1/2 ला 13 चा सैल होतो, आणि 9/16 ला 14 चा जात नाही, 15 चा फिरतो. ही दोन मापं इंचाचीच विकत घ्या. गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पाना, सहा कोनाची हवी. बारा कोनाची गोटी गंजलेल्या डोक्याचे कान गोल करते आणि मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

पात्याचा बोल्ट सगळ्यात चिवट का असतो, तर तो चालता चालता स्वतःच आवळत जातो. वरून बघितलं तर पातं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. गवताचा, दगडाचा मार बसला की पातं मागं रेटलं जातं आणि सोबत बोल्टला घट्ट बाजूला ओढतं. म्हणजे पाच वर्षांचा गंज आणि दोन वर्षांचं आवळणं. काही मशीनवर आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी दिसणारे आटे कुठल्या बाजूला चढतात ते बघा. पातं अडवायला पातं आणि डेकच्या कडेमध्ये लाकडाचा ठोकळा द्या.

गंजावर तेल कुठलं? निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-40 सगळे मारतात. त्यातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणारं, आणि 40 म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला, 1953 सालचा. ओल घालवायला उत्तम, पण खोल गंजलेल्या आट्यांसाठी मी घरचं मिश्रण करतो: ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ ऑईल अर्धं, ॲसिटोन अर्धं. दोन्ही एकत्र राहत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवायची. ॲसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं. त्या दिवशी त्या कोपऱ्यात बिडी नाही, वेल्डिंग नाही.

आणि इथं सोलापूरचं ऊन कामाला येतं. मेमध्ये पारा 42-43 वर गेला की काळा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. डेक दिवसभर अंगणात उलटा ठेवला. संध्याकाळी ऊन उतरायला लागलं, की लोखंड अजून गरम असतानाच बोल्टच्या बुडाशी तेल सोडायचं. लोखंड निवताना फटीतली हवा आकसते आणि तेल आत ओढलं जातं. असं तीन संध्याकाळ केलं. रोज सकाळी बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून सरळ चार-पाच ठोके, तिरके नाहीत. ठोक्यानं गंजाची पकड मोडते. मग पाना लावून आधी थोडं घट्ट करायचं, सैल नाही. केसाइतकं हललं की समजा सुटला. मग मागं-पुढं, मागं-पुढं. करकर आवाज आला तर थांबून परत तेल. चौथ्या दिवशी दोन्ही पात्यांचे बोल्ट सुटले. पाईप लावावा लागला, पण मोडले नाहीत.

तेवढ्यानं नाही सुटलं तर आग. गॅसकटरची बारीक ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही. नट फुगला पाहिजे, बोल्ट नाही. मंद लाल झाला की बास. थोडा निवला की मेणबत्तीचं टोक आट्यांच्या तोंडाशी टेकवा. मेण वितळून आत शोषलं जातं आणि नट लोण्यासारखा फिरतो. तेल लावलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या. आणि ॲल्युमिनियमवर ज्योत धरू नका. लोखंड लाल होऊन सांगतं, ॲल्युमिनियम काही न सांगता 660 अंशांना वितळून खाली पडतं.

आता माझी चूक. स्पिंडलचं घर, म्हणजे त्याची बेअरिंगं ज्यात बसतात तो भाग, ॲल्युमिनियमचं असतं, चार बोल्टांनी डेकला धरलेलं. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचं घर, मध्ये ओलं गवत: अशा जागी पांढरी पूड जमते आणि बोल्ट सिमेंटमध्ये बसल्यासारखा होतो. तीन सुटले. चौथा हलेना. दुपारचे दोन, मालकांचा फोन, “मिस्त्री, बावीस तारखेला लग्न आहे.” मी ‘होय की’ म्हणालो, फोन ठेवला आणि हातोडा घेऊन घराला बाजूनं एक दिला. घराचा कान तुटून पोऱ्याच्या पायाशी पडला. पोऱ्या म्हणाला, “काका, तुटलं की ओ.” मला दिसत होतं. मार बोल्टच्या डोक्यावर सरळ पाहिजे होता आणि घराखाली जाड लोखंडाचा टेका पाहिजे होता. कानाला वेल्डिंग करून घेता येतं, पण गरम झाल्यावर बेअरिंगची बैठक गोल राहीलच असं नाही. मी लोखंडाच्या गोल ठोकळ्यातून लेथवर नवं घर काढलं. एक पूर्ण दिवस गेला.

बोल्ट मोडलाच, तर थोडा दांडा बाहेर असल्यास त्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्ड भरा. वेल्डच्या उष्णतेनं गंजही सुटतो आणि धरायला नवं डोकंही मिळतं. आमचा चौथा बोल्ट शेवटी असाच निघाला. दांडा आत गेला असेल तर मधोमध पंच मारा, 3 मिमीचं ड्रिल, मग मोठं. उलट्या फिरण्याचं ड्रिल मिळालं तर पुष्कळदा तेच बोल्ट बाहेर आणतं. इझी-आउट, म्हणजे मोडक्या बोल्टच्या भोकात उलटा फिरवून तो बाहेर काढायचा स्क्रू, मी सगळ्यात शेवटी वापरतो. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला की त्याला ड्रिलही लागत नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले असतील तर भोक आरपार करून लांब बोल्ट आणि खालून आत नायलॉनचं कडं असलेला नट लावा. पुढच्या वेळी सुटतो तरी.

पुली काढायला पहार घालू नका. दाबलेल्या पत्र्याची पुली वाकते आणि मग पट्टा रोज उतरतो. पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) लावा, ताण द्या, पुलरच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक टिचकी मारा, पुन्हा ताण द्या.

बेअरिंगसाठी परदेशातून काही मागवायची गरज पडली नाही. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो. आमच्यात 6203 होतं: आत 17, बाहेर 40, रुंदी 12 मिमी. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, दोन्ही बाजूंना रबर असलेलं मागा. बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्या, जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं त्यासाठी जपून ठेवा. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते. ती विसरून नट आवळला, तर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी बोंबलतं.

पत्र्याला ठिगळ लावताना गंजलेला भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जा, खाल्लेल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, भोकं वाढतात. मी 2 मिमीचा पत्रा आणि 2.5 मिमीचे रॉड वापरले. आधी समोरासमोर टाके, मग थोडं इकडं, थोडं तिकडं. एका दमात ओढलं तर पत्रा पापडासारखा वळतो. स्पिंडलच्या जागी मी वरून जाड कडं लावलं आणि सपाटी पट्टी ठेवून तपासली. ती जागा तिरकी झाली तर पातं तिरकं आणि लॉनवर पायऱ्या.

छोटे भाग, पिना, वॉशर, स्प्रिंगा लिंबूसत्वात टाकल्या. किराणा दुकानातलं 100 ग्रॅम एक लिटर पाण्यात, रात्रभर. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच पुसून तेल लावायचं. काही जण मोठ्या टाकीत बॅटरी चार्जर लावून अख्ख्या डेकचा गंज काढतात. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. गंज काढायला टाकीभर पाणी मागितलं तर घरातून काय ऐकायला मिळेल, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रंग मेमध्ये सकाळी दहाच्या आत मारा. नंतर पत्रा इतका तापतो की रंग बसायच्या आधीच वाळतो, वर धूळही बसते. वरच्या बाजूला प्रायमरचे दोन हात आणि एनॅमल. आतल्या बाजूवर महागडा रंग वाया घालवू नका, माती आणि खडी तो महिन्याभरात खरवडते. मी आत प्रायमरचा जाड हात दिला आणि मालकांच्या माणसाला सांगितलं, कापून झालं की खुरपं फिरव, ओलं गवत रात्रभर राहू देऊ नको.

पात्याला धार मूळच्याच कोनात. मग भिंतीतल्या खिळ्यावर मधल्या भोकातून अडकवा. जी बाजू खाली झुकते ती जड, तिच्या टोकाकडून घासा, धारेवरून नाही. पात्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास जातो, त्यामुळं तोल थोडा जरी बिघडला तरी बेअरिंग खाल्लं जातं. आणि तडा गेलेलं पातं वेल्ड करून कधीच लावू नका, कुणी फुकट करून दिलं तरी. बोल्ट आवळायला टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरा. या मशीनच्या पुस्तकात 45 ते 55 फूट-पौंड दिलंय, म्हणजे साधारण 61 ते 75 न्यूटन-मीटर. आट्यांना थोडं ग्रीस, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

डेक बसवल्यावर आधी चारही चाकांची हवा तपासा, मगच लेव्हल. दोन्ही बाजू सारख्या, आणि पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा 3 ते 6 मिमी खाली.

गाडी एकोणीस तारखेला पोचवली. पहिल्या फेरीआधी मी पोऱ्याला लॉनवरून चालत पाठवलं. तो ओंजळ भरून आला: अकरा स्टीलचे चमचे, दोन हेअरपिना, एक नारळाची करवंटी आणि कुणाच्या तरी पैंजणाचा घुंगरू. चमचे मालकांना दिले. घुंगरू अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलाय, कुणाचा असेल तर सांगा.