भाषणाचा समारोप कसा बांधावा

मे महिन्यात नाशिकच्या गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिथला श्रोता उघड्यावर बसलेला असतो आणि त्याला कधीही उठून जाता येते. म्हणून अशा श्रोत्यांपुढे बोलणाऱ्याने समारोप ऐनवेळी सुचेल या भरवशावर राहू नये, उलट तोच सर्वांत आधी लिहावा. भाषण ऐकून श्रोत्याने काय ठरवावे, हे एका वाक्यात मांडता येत नसेल, तर विषयच अजून पक्का झालेला नाही, असे समजावे.

उत्तम नमुना म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेले भाषण वाचावे. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० रोजी प्रवेश करणार आहोत, असा इशारा त्यांनी त्यात दिला. समारोपात त्यांनी लोकांच्या, लोकांसाठी आणि लोकांनी चालवलेल्या शासनाचे तत्त्व पुन्हा पुढे ठेवले (अब्राहम लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्ग येथील भाषणाचा शेवटही याच तत्त्वाने झाला होता) आणि ते जपायचे असेल तर वाटेतले दोष ओळखण्यात दिरंगाई करायची नाही व ते दूर करण्यात कमी पडायचे नाही, असा निर्धार करण्याचे आवाहन केले. या लांबलचक वाक्यानंतर, देशसेवेचा हाच एक मार्ग आहे आणि याहून चांगला मला ठाऊक नाही, अशा आशयाची दोन आखूड वाक्ये येतात आणि भाषण थांबते. हा भाग मोठ्याने वाचून पाहावा, म्हणजे आखूड वाक्यांचे बळ कळते.

‘शेवटी’ हा शब्द एकदाच उच्चारावा आणि त्यानंतर नवा मुद्दा काढू नये. मान्यवरांची नामावळी आभारप्रदर्शन करणाऱ्यासाठी सोडावी. ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ हे वाक्य तर माझ्या मते गाळावेच, कारण आधीच्या वाक्याने उमटवलेला ठसा ते पुसून टाकते. कुसुमाग्रजांच्या शहरात कवितेने शेवट करण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण त्या ओळी विषयाला थेट भिडत नसतील, तर स्वतःचे साधे वाक्यच बरे.

अखेरची दोन वाक्ये पाठ असावीत आणि ती कागदाकडे नव्हे, श्रोत्यांकडे पाहत म्हणावीत. सूत्रसंचालकाची वेळ संपल्याची चिठ्ठी आलीच, तर मधला मुद्दा सोडून द्यावा आणि थेट या वाक्यांवर यावे.